सरूमायचा बंब

सरूमायनं जन्मभर वस्तू सांधल्या. मोडली ती एकच, आणि ती मोडताना मी तिच्या शेजारी उभी होते. अंगणात तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला जमलेली माणसं होती, आणि त्या सगळ्यांसमोर तिनं कुऱ्हाड उचलली. इतकी वर्षं झाली, पण अजूनही घरात तांब्याचं भांडं हातातून निसटलं की मी आधी अंगणाकडे पाहते.

आमच्या ह्यांची वाशीमजवळच्या मालेगावच्या शाळेत बदली झाली तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला दोन-तीन वर्षं होती. मी नव्यानं संसार मांडलेली, आणि मोहरीपासून मिठापर्यंत सगळं माझ्या मनानं करायचं, या तोऱ्यात. आल्या आल्या मी एक फाटकी चाळणी उकिरड्यावर फेकली. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारानं, हाक न मारता, एक उंच, काटकुळी बाई आत आली. कपाळावर आडवं कुंकू, काष्टा घातलेलं लुगडं, आणि अंबाड्यात चक्क एक दाभण खोवलेली. हातात माझी चाळणी.

"मास्तरीण, हे तुमची हाय का?"

"हो. फाटली होती, म्हणून टाकली."

"फाटली म्हणजे मेली का व?"

चाळणीला बारीक तारेनं शिवण घातली होती. इतकी सुबक, की बोट फिरवलं तरी लागत नव्हती. तिनं ती माझ्या हातात दिली, स्वयंपाकघरावरून एक नजर फिरवली, कान तुटलेला कप पाहिला, तो उचलला आणि निघून गेली. कप चार दिवसांनी लाखेनं जोडून परत आला. अशी आमची ओळख झाली.

त्यांच्या घरी कशाला कमी होतं असं नाही. विहिरीखालची जमीन होती, दोन बैलजोड्या होत्या, कापूस आला की ओसरी भरून जायची. पण घरात न सांधलेली वस्तू शोधावी लागे. सुपाला बांबूचं ठिगळ, पाट्याला पितळी पट्टी, घोंगडीवर घोंगडी शिवून तिचं मूळ अंग कुठलं ते तिलाही ठाऊक नसावं. एकदा शेळीचा पाय मोडला, तर तिला खाटकाकडे न देता सरूमायनं कामट्या बांधून अंगणात महिनाभर पोसली. पुढं ती शेळी लंगडत का होईना, पण माझ्या परसातली मेथी खायला रोज येई.

तिचे यजमान किसनराव, पण सगळा गाव त्यांना आबाजी म्हणे, घरची माणसं बुवा. मऊ आवाजाचा, हसऱ्या डोळ्यांचा म्हातारा. बायकोच्या या नादाचं त्यांना कौतुकच होतं. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मले बी इनंच टाचून ठेवलं हाय. धागा ओढसान तं उसवून जाईन, बाप्पा." सरूमाय आतून ओरडे, "बसा गुमान! लोकं काय म्हनतीन?" पण तिच्या आवाजात राग नसे.

माणसंही सांधायची ती. तिचा एकुलता एक मुलगा गणपत. त्याची बायको चंद्रा, मानोऱ्याकडची. लग्नाला वर्ष होत नाही तोच काहीतरी बोलाचाली झाली आणि चंद्रा माहेरी निघून गेली. गणपत तोंड पाडून बसला. मग एका सकाळी दमणी जुंपली आणि आणायला निघाला, तर सरूमायनं बैलाची वेसण धरली.

"तू उतर खाली."

"काहून?"

"तूनं मोडलं. तुयाच्यानं जुडत नाई थे. मी जातो."

गेली. तिथं ती काय बोलली कुणालाच कळलं नाही. चार दिवस व्याह्यांच्या घरी राहिली आणि सुनेला घेऊन आली. त्या दिवसापासून चंद्रा नवऱ्यापेक्षा सासूला जास्त धरून असे. धुणं धुताना, निवडताना दोघींची सारखी कुजबूज चाले. सासू-सुनेची इतकी गट्टी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि त्यांचा तो बंब. सरूमायला तो लग्नात बापानं दिलेला, किन्हीराजाहून बैलगाडीत बसून आलेला. तांब्याचा, पोटाशी गरगरीत, वर निमुळत्या मानेचा, पितळी तोटीचा. मधून उभी नळी, तिच्यात वरून कोळसे टाकायचे, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा. पाणी त्या नळीभोवती तापे. चिंचेनं घासून ती तो असा लखलखीत ठेवी, की सकाळच्या उन्हात परसात पाहवत नसे. पहाटे तो पेटवायचा मान तिचाच. चंद्रालाही हात लावू देत नसे.

पण वस्तूलाही वय होतंच. मी आले तेव्हाच त्याच्यावर झाळलेले डाखावर डाख चढले होते. पूर्वी आबाजी बैलांना चारा टाकून येईपर्यंत पाणी कढत होई म्हणत. आता चारा टाकून ते ओट्यावर वाट पाहत बसत. आत सतत काहीतरी चुरचुरे. इस्तव फुलत नसे, नुसता काळवंडून धुमसत राही. तोटीतून पाण्याबरोबर काळी कणी येई, आणि खालची राख काढायला जावं तर तिचा चिखल झालेला असे. जाळी तर केव्हाच जळून गेली होती. सरूमायनं तिथं जुन्या तव्याला चार भोकं पाडून तो बसवला होता.

कल्हईवाले चाँदभाई वाशीमहून फेरीला येत. एका वर्षी दिवाळीनंतर त्यांनी बंब उपडा करून आत पाहिला आणि मान हलवली.

"माय, नळी खाऊन गेली. डाख कुठं धरन आता? नवी नळी टाका, नाही तं बंबच नवा घ्या."

"याचं पोट तं चांगलं हाय ना?"

"पोट चांगलं हाय. पन आतडं सडलं, माय."

"मंग डाख देऊन टाका. माह्या बापानं देल्ला हाय थो."

चाँदभाईंनी डाख दिला. काय करतील? तिच्यापुढं कुणाचं चालत नसे.

त्या वर्षी थंडी फार पडली. तुरीचा फुलोरा करपून गेला. आबाजींना खोकला लागला. एरवी बंब परसात पेटवत आणि पाणी घंगाळ्यात काढून न्हाणीत नेत. पण म्हाताऱ्याला वारा बाधू नये म्हणून सरूमायनं बंबच उचलून न्हाणीत ठेवला. ती न्हाणी म्हणजे मातीच्या भिंतींची, एक माणूस हात पसरून उभा राहील एवढीच खोली. झरोका होता, तो तिनं जुन्या गोणपाटानं बुजवला. दाराच्या फळ्यांत फटी होत्या. आपल्या विटक्या लुगड्याच्या लांब लांब गुंडाळ्या शिवून तिनं त्या फटींत अशा ठासल्या, की आत दिवा लावला तरी बाहेर कळू नये. मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली.

"पाहा मास्तरीण. मुंगी जाईन का इथून?"

मुंगी गेली नसती, हे खरंच होतं.

त्यानंतर आबाजी आंघोळ करून आले की ओट्यावर डोकं धरून बसू लागले. "डोक्यात कोनी घन मारून राह्यलं व," म्हणायचे. सरूमाय सुंठ उगाळून कपाळाला लावी. दुपारपर्यंत बरं वाटे. चंद्रालाही सकाळी गरगरायला लागलं, एकदोनदा उलटी झाली. आम्हा शेजारणींना वेगळाच संशय आला. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो, तिला कैरीचं लोणचं नेऊन दिलं. ती लाजून आत पळाली. सरूमायनं तर बाळंतविड्यासाठी जुनी मऊ धोतरं धुऊन ठेवायला सुरुवात केली.

मग ती सकाळ. मी चूल पेटवत होते. पलीकडून गणपतच्या हाका ऐकू आल्या, "बुवा! ओ बुवा! दार उघडा!" आणि पाठोपाठ कडी तुटल्याचा आवाज. मी धावले तोवर आबाजींना ओसरीवर आणून निजवलं होतं. अंग अजून ओलं, ऊन होतं. श्वास नव्हता.

मी मेलेलं माणूस आधी पाहिलं नव्हतं असं नाही. पण असं पाहिलं नव्हतं. त्यांचे गाल गुलाबी झाले होते. ओठ एखाद्या पोराचे असावेत तसे लाल. महिनाभर खोकून सुकलेला माणूस, आणि आता वाटावं की ऊन लागून झोपलाय. जमलेल्या बाया हात जोडू लागल्या. "काय तेज आलं तोंडावर! पुन्यवान जीव. आंग धुऊन, पवित्र होऊन गेला." गावात दिवसभर तेच बोलणं. असं मरण यायला भाग्य लागतं म्हणाले.

सरूमाय रडली नाही. त्यांच्या पायाशी बसली होती. नेसवलेल्या धोतराचा काठ एका जागी उसवला होता. तिचा हात अंबाड्याकडे गेला, दाभण निघाली, आणि ती खाली वाकून तो काठ शिवू लागली. तिरडी बांधणारे थांबले. शेवटी चंद्रानं तिचा हात धरला आणि हळूच दाभण काढून घेतली. मला वाटलं, याहून भयंकर आता या घरात काही पाहायला मिळणार नाही.

तेराव्याला नातेवाईक सकाळपासूनच जमले. अंगणात घोंगड्या अंथरलेल्या, परसात चुली पेटलेल्या. मी मदतीला गेले होते. बंब न्हाणीतच होता, भल्या पहाटेपासून त्यात पाणी ओतणं आणि कोळसे टाकणं चाललं होतं. पुरुषमंडळी विहिरीवर आंघोळी उरकून आली. घरातल्या बायका न्हाणीत एकेक करून उरकत होत्या. चंद्रा शेवटी गेली. तुटलेल्या कडीच्या जागी सरूमायनं आतून बांधायला एक सुतळी लावून दिली होती.

सरूमाय आणि मी पुरणाचं पाहत होतो. एकाएकी सरूमायनं मान वर केली.

"चंद्रा आली का?"

"नाही अजून."

"चंद्रे! अवं चंद्रे!"

उत्तर नाही. ती उठली ती पळतच. दाराला खांदा दिला, सुतळी तटकन तुटली. चंद्रा भिंतीला टेकून बसली होती, मान छातीवर, कसंबसं गुंडाळलेलं लुगडं, हातात तांब्या तसाच. सरूमायनं काखेत हात घालून तिला ओढलं, मी पाय उचलले. परसातल्या धुण्याच्या दगडावर आम्ही तिला आडवं केलं. मी पाण्याचे हबके मारत होते, नाव घेत होते. सरूमाय काहीच करत नव्हती. ती तिच्या तोंडाकडे पाहत होती.

चंद्राचे गाल गुलाबी झाले होते. ओठ लाल.

"मास्तरीण," सरूमाय म्हणाली. "हे तेज पाह्यलं का? बुवाच्या तोंडावर हेच होतं."

मी पुन्हा वाकून पाहिलं. तेवढ्यात चंद्राला ढवळून आलं, ती ओकली, आणि तिनं मोठ्यानं हवा ओढली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडू लागले.

सरूमाय मात्र परत न्हाणीत गेली होती. हाक मारून येईना, म्हणून चंद्राला दुसऱ्या बाईच्या हाती देऊन मी तिला आणायला गेले. आत पाऊल टाकताच कानशिलं दडपली. धूर म्हणावा तर धूर नव्हता. नुसती एक जड, कोंडलेली ऊब. सरूमाय बंबाच्या नळीत वाकून पाहत होती. कोळसे काळे, ओले, चुरचुरत होते. नळीतून थेंब थेंब पाणी त्यांच्यावर ठिबकत होतं आणि ते ना विझत होते, ना पेटत होते.

"बाळंतिनीच्या खोलीत शेगडी ठेवू नाई, जीव कोंडते, हे म्या गावाले सांगितलं," ती स्वतःशीच बोलत होती. "म्या. गावाले."

मग तिनं दाराच्या फटीतली एक गुंडाळी उपसली. ती हातात धरून बाहेर आली आणि सालदाराला म्हणाली, "बंब अंगणात घे."

दोघा गड्यांनी ओली पोती गुंडाळून तो बाहेर आणला. जमलेली माणसं उठून उभी राहिली. कुणाला वाटलं पाणी हवंय. तोवर तिनं सरपणातली कुऱ्हाड घेतली होती.

पहिला घाव बसला तसं कढत पाणी भसकन उसळलं. माणसं ओरडत मागं सरली. तिच्या पायांवर पाणी पडलं, तिला ते कळलंही नाही. दुसरा घाव. तिसरा. आबाजींचे धाकटे भाऊ पुढं धावले.

"वहिनी! याड लागलं का तुमाले? आज तेरवी हाय त्याईची!"

"सरका बाजूले!"

"अवं फुटला असंन तं डाख देऊ त्याले! बापाची वस्तू हाय तुमच्या!"

सरूमायनं कुऱ्हाड टाकली. फुटलेल्या बंबात हात घालून तिनं ती मधली नळी ओढली. ती तिच्या मुठीत पापडासारखी चुरली. तो हिरवाकाळा चुरा तिनं दिरापुढं धरला.

"याले डाख देता? द्या. चाँदभाईनं सांगितलं होतं मले. राखेचा चिखल मी रोज पाहून राह्यली होती. पानी तापत नव्हतं, इस्तो धुमसत होता, बुवा डोकं धरून बसत होते. मले समदं दिसत होतं. आन् म्या काय केलं? दार बुजवलं." तिनं ती लुगड्याची गुंडाळी वर केली. "तुमी म्हनता पुन्यवान, आंग धुऊन गेले. असे नाई गेले थे. म्या मारलं तुमच्या भावाले."

अंगणात एकदम गलका झाला. म्हातारी दुःखानं भ्रमली म्हणाले. कुणी म्हणालं तिला आत न्या, कुणी म्हणालं अंगात आलंय, लिंबू उतरून टाका. मला आजही नवल वाटतं ते याचं, की तिचं म्हणणं खरं असेल असं कुणी क्षणभरही धरून पाहिलं नाही. सगळ्यांना ते तेजाचं मरण हवं होतं.

गणपत गर्दीतून पुढं आला.

"माय, तू काय बोलून राह्यली?"

"खरं बोलून राह्यली, बापू."

तो वळला आणि बापाच्या तेराव्याचं पान तसंच टाकून शेताकडे निघून गेला.

तो नंतर कितीतरी महिने आईशी बोलला नाही. जेवण चंद्रा वाढे. आई समोर आली तर तो ताटावरून उठे. आणि मला धक्का बसला तो सरूमायचा. ज्या बाईनं साऱ्या गावाची भांडणं मिटवली, तिनं या एका ठिकाणी टाका घालायचा प्रयत्नच केला नाही. मीच एकदा म्हटलं, "माय, तुम्ही त्याच्याशी बोला ना. किती दिवस असं?"

"काय बोलू? त्याचा राग खोटा हाय का?"

तिच्या पायांवर फोड आले होते, त्यांचे डाग तसेच राहिले. चाँदभाई पुढच्या फेरीला आले तेव्हा दिरानं त्यांना बोलावून बंबाचे तुकडे दाखवले, नवी नळी घालून होईल का विचारलं. चाँदभाई होईल म्हणाले. सरूमायनं ते सगळे तुकडे पोत्यात भरून त्यांच्या गाढवावर लादले. "मोडीत घाला," एवढंच म्हणाली. घरात पुन्हा बंब आला नाही, आणि चंद्राचं सकाळचं गरगरणंही थांबलं. परसात, उघड्यावर, तीन दगडांवर हंडा.

त्यानंतर थंडी सुरू झाली की ती गावात घरोघर फिरू लागली. कुणाच्याही परसात शिरे, बंबाच्या नळीत हात घाली, राख चिमटीत धरून पाही. ओली लागली की त्या घरच्या बाईला हाताला धरून दाखवी. पाणी उशिरा तापतं का, इस्तव काळा राहतो का, न्हाऊन आल्यावर डोकं धरतं का, हे तिचे प्रश्न. त्या घरांतल्या सासवांना तिचा वीट आला. "नवऱ्याले खाऊन आता आमच्या घरात नाक खुपसते," असंही मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनंही ऐकलं. ती पुढच्या घरी गेली.

आमची अकोल्याला बदली झाली. निघताना ती गाडीपाशी आली, माझ्या नव्या घराची न्हाणी कशी आहे विचारलं, आणि झरोका आहे म्हटल्यावरच तिनं मला जाऊ दिलं.

मग बरीच वर्षं गेली. लढाई सुरू होऊन संपली. एका लग्नाला मी वाशीमला चालले होते, ऐन हिवाळ्यात. मालेगावला मोटर थांबली, तेवढ्यात म्हटलं जुन्या आळीत डोकावून यावं. वळणावरच आरडाओरडा ऐकू आला. एका घराच्या मागच्या बाजूला लोक जमले होते. घरधनी हातवारे करत ओरडत होता, "माही भिंत हाय! कोनाच्या परवानगीनं फोडता?" न्हाणीच्या मातीच्या भिंतीशी, आमच्याकडे पाठ करून, एक म्हातारी उभी होती. केस पांढरे शुभ्र, त्यांत मातीची ढेकळं. दोन्ही हातांत लोखंडी सब्बल. दाराशी एक पोटुशी पोरगी कापडं घेऊन थांबलेली, आत बंब पेटलेला.

घरधनी पुढं झाला तसा एक माणूस मधे आला. देह भरलेला, मिशा पिकायला लागलेल्या. मला गणपतला ओळखायला क्षणभर लागला.

"होऊ द्या, काका," तो त्याला थोपवत म्हणाला. "भिंत मी लिपून देतो उद्या. मायले करू द्या."

सरूमायनं मागं पाहिलं नाही. ती सब्बल मारतच होती. मी हाक मारणार होते, पण मोटरीचा भोंगा वाजला, आणि त्याच वेळी भिंतीतून मातीचा एक मोठा लपका आत पडला. भोकातून पांढरी वाफ बाहेर आली. तिनं सब्बल खाली ठेवली, वाकून त्या भोकाला गाल लावला, आणि वारा आत ओढला जातोय का ते पाहत तशीच उभी राहिली.